मणिकर्णिकेची वाट आणि वेगाचा हव्यास



काशीचा मणिकर्णिका घाट मराठी मनाला परका नाही. १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्याबाई होळकरांचा हात या घाटाच्या बांधणीलाही लागला आहे. काशीतच जन्मलेल्या मोरोपंत तांबे यांच्या कन्येचे नाव मणिकर्णिका होते. पुढे जगाने तिला झाशीची राणी म्हणून ओळखले.

या घाटावर चिता अहोरात्र जळतात. लाकडांच्या राशी, ते तोलण्याचे मोठाले काटे, डोम समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला अग्नी हे तेथले नित्याचे दृश्य. घाटाकडे उतरणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दूरच्या गावाहून जीपच्या टपावर आणलेला देहही अखेरीस माणसांच्या खांद्यावरूनच पुढे न्यावा लागतो. मरण काशीत यावे या इच्छेने कित्येक वृद्ध आपले अखेरचे दिवस तेथे येऊन काढतात. त्यांच्या मागे मुलगा अग्नी देतो, मडके खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता परततो. दुःख असतेच, परंतु त्या दुःखाला एक क्रम असतो. बापाने मुलाला अग्नी देण्याची वेळ येते तेव्हा हा क्रमच मोडतो, आणि असे मोडलेले क्रम आज प्रत्येक शहरातील स्मशानभूमीत पाहावयास मिळतात.

२०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज सुमारे ४६०. यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. मृतांत मोठा वाटा तरुणांचा.

१९ मे २०२४ ची पहाट पुणेकर विसरणार नाहीत. कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने एका दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले, अवघ्या चोविशीतले दोन अभियंते, एक तरुण व एक तरुणी, प्राणास मुकले. गाडी चालविल्याचा आरोप ज्याच्यावर आहे तो सतरा वर्षांचा मुलगा. गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला, आणि इतर अटींबरोबर एक अट घातली ती रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. लोकक्षोभ उसळल्यावर तो निर्णय फिरविला गेला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, अटका झाल्या.

शाळेला निबंधाचे मोल ठाऊक आहे. निबंधाने विचार वळणावर येतो, शुद्धलेखन सुधारते. मात्र दोन जीव गेल्यानंतर लिहावयाचा तो लेखनप्रकार नव्हे. जे लिहावयाचे, बोलावयाचे, ते गाडीची किल्ली मुलाच्या हाती पडण्यापूर्वी, घरातल्या जेवणाच्या वेळी. (परीक्षेतील गुणांचे बक्षीस म्हणून दुचाकी देण्याची चाल कोणी सुरू केली कोण जाणे!)

कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो परवाना केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. क्लासला जाणारी मुले चालवितात त्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीहून मोठ्या असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने कलम १९९अ आले. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मग पैज पैशाची असो वा नुसत्या मोबाईलवरील चित्रफितीची.

"माझा हात बसलेला आहे," असे मुले म्हणतात. हात बसलेला असेलही. गतीचे गणित मात्र हाताचे ऐकत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धोका दिसल्यापासून कोरड्या रस्त्यावर थांबेपर्यंत सुमारे ३७ मीटर पुढे जाते, कारण मेंदूला सावध होण्यासच एक सेकंद लागतो. वेग दुप्पट केला तर हे अंतर दुप्पट होत नाही, सुमारे तिप्पट होते. ११० मीटरच्याही पुढे जाते. विज्ञानाच्या तासाला गतिज ऊर्जेचे सूत्र पाठ करणारा विद्यार्थी हेच सूत्र रात्री रिकाम्या पुलावर विसरतो. पूल रिकामा असतो असे त्याला वाटते. रात्रपाळी संपवून घरी निघालेला, दुचाकीच्या मागे बहिणीला बसवून चाललेला कोणीतरी त्याच वेळी पुलाच्या पलीकडच्या टोकाला वळत असतो.