नेमणुकीचं पत्र



रात्रीचा कार्यक्रम आटोपून, वाद्यं खांद्याला लावून थेट इथे पोहोचलेले कितीतरी जण मला समोर दिसताहेत.

आज अ‍ॅबी कोनंट या अमेरिकन ट्रॉम्बोनवादिकेची हकिकत तुम्हाला सांगायची आहे. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं मुख्य ट्रॉम्बोनवादकाच्या जागेसाठी चाचणी ठेवली. तिला आलेल्या बोलावण्यावर ‘श्रीयुत’ लिहिलेलं होतं. वादक पडद्याआड, परीक्षक पडद्यासमोर. ३३ जणांतून जो निवडला, तो वादक पडद्यामागून आला तेव्हा ती बाई निघाली! उमेदवारीचं वर्षही तिनं नीट पार पाडलं. तरी १९८१ साली वाद्यवृंदाचे प्रमुख सर्जू चेलिबिदाके यांनी तिला दुय्यम जागेवर बसवलं. या जागेला पुरुषच हवा, असं त्यांचं म्हणणं.

वाद्यवृंद म्युनिक शहराचा, म्हणून तिनं शहरावरच दावा लावला. तिची ताकद कमी पडते, हा वाद्यवृंदाचा आक्षेप खोडायला दवाखान्यात जाऊन फुप्फुसं तपासून घेतली. जिनं वाजवून जागा मिळवली, तिला श्वास मोजून द्यावा लागावा, याचा मला आजही संताप येतो. १९८८ साली कोर्टानं जागा परत दिली, पण पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतला. पुन्हा कोर्ट. शेवटचा निकाल लागायला १९९३ साल उजाडलं.

वादकाचं श्रेय डावलणं आपल्याकडेही घडलं. गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या स्टुडिओंत हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ घडवला. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक त्यामागे होते, पण पडद्यावरच्या नामावलीत त्यांना क्वचितच जागा मिळाली. आज नावं येतात. मात्र नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, किती, ती कधी हातात पडणार, रात्रीच्या प्रवासात गाडीला अपघात झाला तर कोण बघणार, हे सगळं फोनवरच ठरतं. कोनंटजवळ नेमणुकीचं पत्र होतं, म्हणून ती कोर्टात उभी राहू शकली. आपल्यातल्या बहुतेकांकडे कागदाचा कपटाही नाही.

म्हणून या मेळाव्याचं पहिलंच सत्र आपण लेखी कराराला दिलं आहे. नाइट, प्रवास, विमा, वादक बायकांसाठी वेगळी खोली, सगळं मसुद्यात घातलंय. प्रती प्रवेशद्वाराशी ठेवल्या आहेत. दुरुस्त्या समासात लिहा आणि जेवणाच्या सुट्टीपूर्वी कार्यवाहांकडे द्या.