गोळी आधी, मारेकरी मागाहून



व्याख्यानाची वेळ सहाची ठेवल्याबद्दल संयोजकांचे आभार मानतो. साडेसातची ठेवली असती तर समोर नुसत्या खुर्च्या असत्या. त्या वेळी आपण सगळे कुठे असतो ते आपल्याला ठाऊक आहे, फक्त चारचौघांत कबूल करायचं नसतं.

मालिका बघणाऱ्यांची थट्टा फार झाली. मला आज त्यांची बाजू मांडायची आहे. भाग संपला की घरोघरी वाद सुरू होतात. "विष हिनेच घातलं." "छे, तिला अडकवतायत. दुधाचा पेला आधी कुणाच्या हातात होता?" "अहो, त्याचा चेहरा दोनदा जवळून दाखवला, म्हणजे तो नाहीच!" हा शेवटचा मुद्दा नीट ऐका. इथे प्रेक्षक गोष्टीतल्या पुराव्यावर बोलतच नाही, तो दिग्दर्शकाची खोड ओळखून बोलतो. आणखी मुरलेले प्रेक्षक तर म्हणतात, "तिला दुसऱ्या वाहिनीवर मोठी भूमिका मिळालीय, म्हणजे ही आता मरणार." आणि ती मरते! हा बिनचूक तर्क आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्या कोड्यावर लोक इतकी बुद्धी खर्च करतात, त्याचं उत्तर पुष्कळदा लेखकाकडेच नसतं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. 'डॅलस' ही टेक्सासमधल्या युइंग नावाच्या तेलसम्राट घराण्याची मालिका. २१ मार्च १९८० च्या भागाच्या शेवटी या घरचा थोरला मुलगा, सगळ्यांना लुबाडणारा जे. आर., रात्री कार्यालयात एकटा असतो. कुणीतरी येऊन त्याच्यावर गोळ्या झाडतं. कोण, ते दिसत नाही. पर्व समाप्त!

गंमत अशी, की वाहिनीने ऐनवेळी जादा भाग मागितले होते. गोष्ट वाढवायची कशी, या पेचातून ही गोळी सुटली. आधी याला गोळी घालू, कुणी घातली ते मागाहून बघू, असा तो हिशेब होता. इकडे लोक बायको, मेहुणी, जुना वैरी, बुडवलेला बँकवाला अशी संशयितांची यादी करून भांडत होते. 'मीच जे. आर.ला गोळी घातली' असं छापलेले टी-शर्ट विकले गेले. ब्रिटनमध्ये पैजा घेणाऱ्यांनी रीतसर भाव काढले. त्याच उन्हाळ्यात जे. आर.ची भूमिका करणारा लॅरी हॅगमन मानधनासाठी अडून बसला. झालं, लोकांनी तोही पुराव्यात जमा केला: पैशाचं जमलं तर जे. आर. वाचणार, नाही जमलं तर गेला. पुढे नटांचा संप झाला आणि उत्तर आणखी लांबलं. गुपित फुटू नये म्हणून निरनिराळ्या नटांच्या हाती बंदूक देऊन तोच प्रसंग पुन्हापुन्हा चित्रित केला. अखेर २१ नोव्हेंबरला मेहुणी क्रिस्टिन हीच ती, असं कळलं. तो भाग एकट्या अमेरिकेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला. आठ महिने ताटकळवलं खरं, पण उत्तर दिलं, आणि ते पटण्याजोगं होतं. म्हणून मी 'डॅलस'ला या एका बाबतीत माफ करतो.

दहा वर्षांनी नेमकी उलटी गोष्ट घडली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची 'ट्विन पीक्स' एप्रिल १९९० मध्ये सुरू झाली. नदीकाठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लॉरा पामर या मुलीचा मृतदेह सापडतो. खून कुणी केला? लिंचना हे सांगायचंच नव्हतं. त्यांच्या मते तो प्रश्न होता म्हणून गावातल्या शंभर भानगडी दिसत होत्या. वाहिनीने तगादा लावला. नोव्हेंबरात खुनी लॉराचा बापच, हे दाखवलं गेलं. तो प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, पण त्यानंतर प्रेक्षक पांगले आणि जून १९९१ मध्ये मालिका बंद पडली. काहींना यात कलावंतावरचा अन्याय दिसतो. मला अर्धाच दिसतो. बाप खुनी आहे हे समजल्यावर त्या घराकडे पुन्हा बघावंसं वाटलं पाहिजे, तशी पुढची गोष्ट लिहिलेली नव्हती.

'डॅलस'चं खरं पाप पुढचं. १९८५ मध्ये बॉबी हे पात्र मेलं, कारण नट सोडून गेला. वर्षभर त्याच्या मागची गोष्ट चालली, लग्नं जमली, मोडली. मग नट परत आला. आता काय करणार? बॉबीची घटस्फोटित बायको सकाळी उठते, न्हाणीघराचं दार उघडते, आत बॉबी अंघोळ करतोय! आख्खं पर्व तिचं स्वप्न होतं म्हणे. म्हणजे वर्षभर लोकांनी ज्यावर वाद घातले ते काही घडलंच नव्हतं. याला कलाटणी म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात.

आपल्याकडे तर मालिका रोजची. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की 'ट्रॅक' बदलतो. सोमवारी संशयित असलेली जाऊ पुढच्या सोमवारी सोज्वळ होते. अशा वेळी प्रेक्षकाने जुन्या भागांतले धागेदोरे लक्षात ठेवणं हा भाबडेपणा ठरतो, आणि मला या गोष्टीचा राग येतो.

तरीही दोन मराठी मालिकांनी मला वेगळं काही शिकवलं. 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व २०१६ मध्ये आलं. सिंधुदुर्गातला वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहावं अशी मांडणी. २०१९ चं दुसरं पर्व मागच्या काळात गेलं. अण्णांचं काय होणार हे सगळ्यांना आधीच माहीत. रहस्य उरलंच नाही म्हणा ना. तरी लोक जास्तच तावातावाने भांडू लागले: अण्णांची प्रेयसी शेवंता लबाड की फसलेली? अण्णांची बायको माई सोसते ती भीतीने, की घर टिकवायला? अण्णा इतका नीच, मग त्याची भूमिका करणारे माधव अभ्यंकर पडद्यावर आले की नजर का हटत नाही? 'देवमाणूस'मध्येही डॉक्टर म्हणून वावरणारा खुनी पहिल्यापासून समोर. प्रश्न 'कोण'चा नव्हताच. गावाला हा माणूस देव का वाटतो, हा होता. डॉक्टर म्हटलं की आपण किती पटकन विश्वास टाकतो, यावर त्या निमित्ताने घराघरांत बोलणं झालं.

'कोण' या प्रश्नावरची चर्चा उत्तर मिळालं की संपते. 'असा का' या प्रश्नावरची चालू राहते. कर्णाचं काय झालं हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी त्याच्यावरची 'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ मध्ये आली आणि आपण अजून कर्णावरून भांडतोच आहोत. माणूस नीट लिहिलेला असला की कलाटणीची फारशी गरज पडत नाही.

वाहिन्यांना म्हणून माझं सांगणं आहे: रहस्यमालिका काढाल तर भागांची संख्या आधी ठरवा आणि शेवट लिहून मग पहिला भाग चित्रित करा. दूरदर्शनवर तेरा-तेरा भागांच्या मालिका मंजूर होत. तेव्हा लेखकाला कुठे थांबायचं ते ठाऊक असे. हे जमणार नसेल तर रहस्याचा आव आणू नका.

आणि आपल्याला एक विनंती. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहिर मेला तेव्हा प्रेक्षकांनी इतका गिल्ला केला, की त्याला जिवंत करावं लागलं. मेलेला माणूस परत आणण्याइतकी तुमची ताकद आहे. पुढच्या वेळी ती कुणाला उठवण्यासाठी वापरू नका. अर्धवट सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर मागण्यासाठी वापरा.