बोटीच्या इंजिनाला टर्बो निवडताना



१ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की करंज्यापासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत बोटी शाकारल्या जातात. जाळी विणायला निघतात, आणि इंजिन उघडलं जातं. इंजिन उघडलं की हमखास एक प्रश्न निघतो : जुन्याच इंजिनाला टर्बो बसवायचा का? किंवा आहे तो काढून मोठा घालायचा का? आज त्याबद्दलच बोलू.

टर्बोचं काम आधी समजून घेऊ. जाळलेल्या डिझेलमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो. टर्बो त्या वाया जाणाऱ्या धुरावर एक चाक फिरवतो. त्या चाकाच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. म्हणजे टर्बो फक्त हवा देतो. ताकद डिझेलचीच.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याने १९०५ साली पेटंट घेतलं. ती मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली ती समुद्रावर. १९२६ च्या सुमारास जर्मनीच्या 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेश्टाट डान्झिग' या प्रवासी जहाजांवर टर्बो लावलेली डिझेल इंजिनं चालू लागली, आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० पर्यंत गेलं. मोटारींत टर्बो आला तो १९६२ मध्ये अमेरिकेत, आणि गाजला तो १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोमुळे. त्या पोर्शेत पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नसे, आणि मग गाडी एकदम उसळे. धुराचा जोर वाढून चाकाने वेग घेईपर्यंत तेवढा वेळ जायचाच. अशा जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन आजही मोठा टर्बो की छोटा, यावर तावातावाने बोलतात. मोठा टर्बो वरच्या फेऱ्यांना भरपूर हवा देतो, पण खालच्या फेऱ्यांना आळशी असतो. छोटा लवकर जागा होतो, पण वर गेल्यावर त्याचा दम संपतो आणि धुराची वाटच अडते.

बोटीला हाच नियम लागू आहे, पण उत्तर वेगळं येतं. गाडी रस्त्यावर कधी पळते, कधी थांबते. ट्रॉलरचं इंजिन जाळं ओढताना तासन्‌तास एकाच रेसवर, पूर्ण ओझ्याखाली चालतं. वेग जेमतेम अडीच-तीन नॉट, पण पंख्यावर भार जबर. म्हणून नाखवांनो, माझं सांगणं एकच आहे : टर्बो निवडताना सगळ्यात जास्त अश्वशक्ती किती मिळेल हे विचारू नका. तुमच्या बोटीचे तास कुठल्या रेसवर जातात, ते विचारा. टर्बो त्या रेसला जुळला पाहिजे.

न जुळला तर काय होतं ते पाहा. मोठा टर्बो बसवला, डिझेलचा पंप वाढवला. बंदरातून निघताना बोट सुरेख पळाली. मग जाळं टाकलं. फेरे खाली आले, टर्बोचं चाक मंदावलं, हवा कमी पडली, पण पंप मात्र वाढवलेलं डिझेल सोडतोच आहे. नळीतून काळा धूर येतो. तो धूर म्हणजे न जळलेलं, तुम्ही पैसे मोजून भरलेलं डिझेल. आत धुराचं तापमान चढतं, आधी व्हॉल्व्ह भाजतात, मग पिस्टन. म्हणून टर्बोच्या तोंडाशी धुराचं तापमान दाखवणारा काटा जरूर लावून घ्या. तांडेलाला तो काटा दिसला की जाळं ओढताना रेस कुठे ठेवायची, हे त्याला कळतं.

आता थोडं गणित. समजा, ६ लिटरचं इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चालतंय. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं. म्हणजे मिनिटाला ५४०० लिटर, आणि प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के धरले तर सुमारे ४६०० लिटर. प्रत्येक टर्बोचा एक आलेख असतो : किती हवा, किती दाबाने, किती कार्यक्षमतेने. त्या आलेखात तुमच्या इंजिनाचा बिंदू मधोमध पडायला हवा. डावीकडच्या रेषेपलीकडे गेला तर हवा उलटी फिरते, टर्बो धापा टाकल्यासारखा आवाज करतो आणि बेअरिंग मार खातं. उजवीकडे गेला तर चाक नको तितक्या वेगाने फिरतं, आणि हवा मात्र वाढत नाही. विक्रेत्याकडून हा आलेख मागा. जो आलेख न दाखवता 'हा बसतो' एवढंच म्हणतो, त्याच्याकडून टर्बो घेऊ नका.

गणिताची दुसरी बाजू उष्णतेची. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा टर्बोने ६० टक्के जास्त दाबावर नेली की ती ९० अंशांच्या आसपास जाते, आणि तापलेली हवा फुगते. दाब ६० टक्के वाढला तरी सिलिंडरमध्ये हवा वाढते ती जेमतेम ३३ टक्के. तीच हवा मध्ये कूलर लावून ५० अंशांवर आणली, तर वाढ ५० टक्के होते. आपल्या चारही बाजूंना पाणी आहे. समुद्राच्या पाण्यावर चालणारा आफ्टरकूलर लावणं ट्रकपेक्षा बोटीला सोपं आहे. फक्त त्याच्या नळ्या खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या धातूच्या हव्यात, आणि झिंक बदलायचं विसरू नये.

ट्रकसाठी बनवलेला टर्बो जसाच्या तसा बोटीत घालू नये. त्याचं धुराकडचं कवच लाल होईपर्यंत तापतं. रस्त्यावर त्याला वारा लागतो. बोटीच्या बंद इंजिनघरात मात्र जवळ लाकूड असतं, डिझेलच्या नळ्या असतात. बोटीसाठी पाण्याचं आवरण असलेलं कवच घ्या, नाहीतर निदान उष्णता अडवणारं पक्कं वेष्टण तरी हवंच.

आणि मूळ इंजिन? टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात बहुधा पिस्टन वेगळे असतात, त्यांच्यावर खालून तेलाचा फवारा असतो, गॅस्केट मजबूत असतं. बिनटर्बोच्या जुन्या इंजिनात हे नसेल तर दाब माफक ठेवा. त्यातूनही जास्त ताकद हवी असेल तर इंजिनच बदलणं शहाणपणाचं.

ताकद वाढवून वेग किती वाढेल, हेही मनाशी नीट ठरवा. पाणी कापत जाणाऱ्या जड बोटीला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. पाण्यातली लांबी ४५ फूट असेल तर साधारण ९ नॉट. त्यापुढे पंख्याचे फेरे दुप्पट करायचे म्हटले तर ताकद आठपट लागते. बंदरात सगळ्यांच्या आधी पोचण्याच्या शर्यतीत जास्तीचं डिझेल जळतं, आणि हिशेबाच्या वहीत तोटा म्हणून उतरतं.

जुना टर्बो असेल तर बंदीच्या दिवसांत स्वतः तपासा. हवेची नळी काढा, चाकाचा दांडा दोन बोटांत धरून हलवा. आडवा किंचित हलला तर चालेल, तेलाच्या पापुद्र्यासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला, किंवा पात्याची कड कवचाला घासल्याची खूण दिसली, तर तो उतरवा. पात्यांवर पांढरी खार आणि खड्डे दिसले, तर ती खाऱ्या हवेची करामत आहे. हवेचा फिल्टर तुषारांपासून दूर घ्या.

चालवण्याचे नियम थोडेच आहेत. तेल बदलल्यावर टर्बोत तेल पोचेपर्यंत रेस देऊ नका. धक्क्याला लागल्यावर तीन ते पाच मिनिटं मंद चालवूनच इंजिन बंद करा, नाहीतर आतलं तेल जळून बेअरिंगवर कोळसा चढतो. तेल परत जाणारी नळी सरळ उतरती हवी.

बोटीच्या नोंदणीत इंजिनाची अश्वशक्ती लिहिलेली असते. बदल करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याला विचारा. आणि टर्बोचे पैसे देण्याआधी एक काम करा : गेल्या हंगामात जाळं ओढताना रेस किती होती, किती तास होती, डिझेल किती गेलं, हे तांडेलाशी बसून कागदावर लिहा. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या आणि त्यावरूनच टर्बो ठरवायला सांगा.