मांस नवे, मालक जुने

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१९०५ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातून निघणाऱ्या ‘अपील टु रीझन’ या समाजवादी साप्ताहिकात अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या लिथुएनियन स्थलांतरित कामगारांच्या हालअपेष्टा तिच्यात मांडल्या होत्या. पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली आणि देशभर खळबळ उडाली. परंतु वाचकांचे लक्ष गेले ते मांसातील घाणीकडे. जून १९०६ मध्ये मांस-तपासणीचा कायदा झाला. खाणाऱ्याच्या ताटाची काळजी घेतली गेली. राबणाऱ्याच्या वेतनाविषयी त्या कायद्यात अवाक्षर नव्हते.

आज हा इतिहास आठवण्याचे कारण, मांसाच्या उत्पादनपद्धतीतच पालट होऊ घातला आहे. प्राण्याच्या थोड्या पेशी घ्यावयाच्या, पोलादी टाक्यांतील पोषक द्रवात त्या वाढवावयाच्या आणि कत्तल न करता मांस तयार करावयाचे, अशी ही नवी पद्धती. २०१३ साली मास्ट्रिख्ट विद्यापीठाचे मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये असा पहिला बर्गर लोकांसमोर ठेवला. त्याला सुमारे अडीच लाख युरो खर्च आला. पैसा पुरवला गूगलचे एक संस्थापक सर्गेई ब्रिन यांनी. २०२० मध्ये सिंगापूरने अशा मांसाच्या विक्रीस प्रथम परवानगी दिली.

विजयवाड्यात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. उमा वलेटी यांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली अमेरिकेत ‘मेम्फिस मीट्स’ ही कंपनी काढली. तीच पुढे ‘अपसाइड फूड्स’ झाली. जून २०२३ मध्ये तिला व ‘गुड मीट’ला कोंबडीचे असे मांस विकण्याची मुभा अमेरिकी शासनाने दिली. प्राणिहत्या टळावी हा हेतू प्रामाणिक मानण्यास हरकत नाही. प्रश्न हेतूचा नाही, मालकीचा आहे. वलेटींच्या कंपनीत २०१७ साली कारगिलने आणि २०१८ साली टायसनने भांडवल गुंतवले. अमेरिकेतील गोमांस-प्रक्रियेचा सुमारे ८५ टक्के व्यवहार ज्या चार कंपन्यांच्या हाती एकवटला आहे, त्यांतल्याच या दोन. ज्यांचे कत्तलखाने, त्यांनीच कत्तलखान्याच्या पर्यायातही वेळीच पाय रोवले. जुना धंदा टिको वा बुडो, भांडवलाची सोय आधीच झालेली!

आणि कामगाराची? २०२० च्या महासाथीत अमेरिकेच्या मांसप्रक्रिया कारखान्यांतील हजारो कामगार आजारी पडले. तरीही एप्रिलअखेर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हे कारखाने चालू ठेवण्यासाठी आदेश काढला. त्या वेळी हा कामगार अत्यावश्यक होता. उद्या टाक्यांनी सुऱ्यांची जागा घेतली, तर त्याला अनावश्यक ठरवण्यास कोणत्याही आदेशाची गरज पडणार नाही.

मग या मांसावर बंदी घालावी काय? फ्लोरिडा राज्याने मे २०२४ मध्ये तसा कायदा केला. त्यातून गुरे पाळणाऱ्या मालकांना संरक्षण मिळाले. कत्तलखान्यातील मजुराच्या पदरात काहीच पडले नाही. यंत्रे फोडून कामगार मुक्त झाला नाही. शोध रोखूनही तो होणार नाही.

मार्ग निराळा आहे. २०२१ साली अमेरिकी कृषिखात्याने टफ्ट्स विद्यापीठास याच संशोधनासाठी एक कोटी डॉलर दिले. जनतेच्या पैशातून निपजणारे ज्ञान जनतेचेच राहिले पाहिजे. पेशींचे वाण आणि त्या वाढवण्याच्या कृती मूठभरांच्या पेटंटांत कोंडल्या जाता कामा नयेत. ज्यांचे काम जाईल त्यांना नव्या कामाची आणि तोवर वेतनाची हमी हवी. हे मांस अजून महाग आहे, बाजारात त्याचा शिरकाव अल्प आहे. म्हणूनच या मागण्या आज करावयाच्या आहेत. मक्तेदारी पक्की झाल्यावर हाती उरतात ती केवळ निषेधाची पत्रके.

१९०६ साली कायद्याने ताट पाहिले, ते भरणारे हात पाहिले नाहीत. नव्या मांसाची चर्चा आज प्राण्याविषयी आणि खाणाऱ्याविषयी चालली आहे. त्या हातांचा प्रश्न तिच्यात आणणे, हे समाजवाद्यांचे काम आहे.