एक गोटी घेताना

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो, कर्जावर बोललो, विजेवर बोललो. आता जेवणानंतर मला लोखंडावर बोलायला सांगितले आहे. विषय लहान आहे, हाताच्या बोटाएवढा. पण या बोटाएवढ्या लोखंडाने माझी एका हंगामाची ज्वारी काळी केली आणि पुढच्या वर्षी माझ्या घरातले एक माणूस जाता जाता राहिले. म्हणून बोलतो आहे.

आम्हा तिघा भावांत मिळून एक हडंबा आहे. दिवाळीनंतरची गोष्ट. कणसे खुडून खळ्यावर पडली होती आणि आभाळ भरून आले होते. मळणी सुरू केली आणि तासाभरात पट्टा उतरू लागला. पाहिले तर ड्रमची पुली शाफ्टवर सरकलेली. काम पाच मिनिटांचे: पुलीच्या गळ्यातला ग्रब स्क्रू सैल करायचा, पुली जागेवर घ्यायची, पुन्हा आवळायचे. मी बाजारातून सर्वांत स्वस्त डबा आणला होता. चाळीस नग, झाकणावर चकचकीत चित्र. त्यातली पाच नंबरची एलन गोटी काढली. एलन गोटी म्हणजे जिच्या तोंडाला सहा कोनांचा दांडा बसवलेला असतो आणि मागे रॅचेट लागते ती. जोर दिला, तर दांडा ओल्या काडीसारखा पिळला गेला आणि स्क्रूच्या घराचे कोपरे घासून गोल झाले. पुढे ना एलन की बसे, ना गोटी.

लेथवाला तालुक्याला. त्याच्याकडे आधीच चार हडंब्यांची कामे. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, स्क्रू ड्रिलने कोरून काढला. त्या रात्री पाऊस आला. भिजलेल्या ज्वारीचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. दाणा काळा पडला आणि व्यापाऱ्याने मूठभर हातात घेऊन जो भाव सांगितला, तो मुकाट्याने घ्यावा लागला.

इथवर नुकसान पैशाचे. पुढची चूक माझी स्वतःची आहे. कोरलेल्या जागी तसा ग्रब स्क्रू मिळेना, म्हणून मी साधा डोक्याचा लांब बोल्ट ठोकून दिला. डोके पुलीबाहेर अर्धा इंच. चालून गेले. पुढच्या हंगामात त्याच डोक्यात वहिनीचा पदर अडकला. लुगडे जुने होते, फाटले, म्हणून ती वाचली. नवे असते तर आज मी इथे उभा राहिलो नसतो.

नंतर कळले की हा एलन स्क्रू जन्मालाच आला तो याच कारणाने. शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांत छतालगत लांब शाफ्ट फिरत. त्यांवरच्या पुल्या चौकोनी डोक्याच्या स्क्रूने धरलेल्या असत. ते डोके बाहेर राही, त्यात कामगाराची बाही अडके आणि माणूस ओढला जाई. डोके नसलेला, आत सहाकोनी घर असलेला स्क्रू त्यावर उपाय म्हणून आला. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या विल्यम एलन यांनी तो बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९१० मध्ये घेतले, म्हणून आपण एलन म्हणतो. आपल्याकडेही मळणीयंत्रांनी इतके हात खाल्ले की १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. तेव्हा ग्रब स्क्रूच्या जागी डोक्याचा बोल्ट बसवणारा माणूस घड्याळ शंभर वर्षे मागे फिरवतो. मी फिरवले होते.

आता कामाचे बोलू.

आधी माप. बोल्टची जाडी वेगळी आणि एलन गोटीचा नंबर वेगळा. डोक्याच्या एलन बोल्टला ६ च्या जाडीला ५ ची गोटी, ८ ला ६ ची, १० ला ८ ची, १२ ला १० ची, १६ ला १४ ची. ग्रब स्क्रूला याहून बारीक: ६ च्या स्क्रूला ३, ८ ला ४, १० ला ५, १२ ला ६. हे घरच्या भिंतीवर लिहून ठेवा.

जुन्या ट्रॅक्टरांवर इंची बोल्टही सापडतात आणि घोटाळा तिथे होतो. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्या घरात ६ ची गोटी सहज जाते, माणसाला वाटते बसली, आणि जोर दिला की कोपरे गेले. तसेच दीड सूत म्हणजे ४.७६, ती ५ च्या घरात घातली तर जवळजवळ पाव मिलिमीटर मोकळी राहते. गोटी घरात हलली की थांबा, दुसरे माप शोधा. ‘चालून जाईल’ हा शब्द इथे चालत नाही.

आता गोटी कशी पारखायची. आपण बैल घेताना दात पाहतो, चालवून पाहतो. सरकी घेताना पाकीट पाहतो. गोटी घेताना मात्र फक्त भाव विचारतो. पाच गोष्टी पाहा.

पहिली, पोलाद. चांगल्या एलन गोटीचा सहाकोनी दांडा बहुधा एस-२ नावाच्या पोलादाचा असतो. हे पोलाद धक्का सोसणारे आहे. मागची गोटी क्रोम व्हॅनेडियमची असली तरी चालते. पण नुसते नाव कोरल्याने पोलाद होत नाही, पाणी बरोबर दिलेले असावे लागते. मऊ राहिले तर पिळते, फार कडक झाले तर काचेसारखे तुटते. म्हणून आधी एकच नग विकत घ्या, घरी नव्या कानशीची धार त्याच्या कोपऱ्यावर हलकेच चालवा. कानस घसरली तर पाणी चांगले आहे. लोण्यासारखी चावली तर बाकीचा संच घेऊ नका.

दुसरी, माप. दुकानात जाताना खिशात ८ चा आणि १० चा एकेक नवा, चांगला एलन बोल्ट ठेवा. ६ ची आणि ८ ची गोटी त्यांत बसवून पाहा. अडखळता कामा नये आणि डुलताही कामा नये. व्हर्निअर असेल तर ८ चा दांडा मोजा: ८ च्या वर नको आणि ७.९ च्या खाली नको. चांगल्या बोल्टचे ८ चे घर ८.०२५ ते ८.१७५ एवढे असते. त्यात बारीक दांडा घातला की तो फक्त कोपऱ्यांवर टेकतो, आणि घर फाटते ते तिथूनच.

तिसरी, चकाकी. दांड्यावर जाड क्रोमचा मुलामा असला की माप बदलते आणि मुलाम्याचे पापुद्रे सुटून घरात अडकतात. चांगल्या नगात गोटी चकचकीत आणि दांडा काळपट किंवा साधा पोलादी असतो. लग्नाला न्यायची वस्तू नाही ही, कामाला न्यायची आहे.

चौथी, जोड. दांडा गोटीत कसा धरला आहे ते पाहा. बोटांनी हलवा. खुळखुळला तर ठेवून द्या. काही गोट्यांत दांडा आडव्या स्क्रूने किंवा पिनेने धरलेला असतो आणि तुटला तर एकटा बदलता येतो. सुटा दांडा दुकानात मिळतो का ते विचारून घ्या.

पाचवी, लांबी आणि टोक. लांब दांडा खोल जागी पोचतो, पण जास्त पिळतो. जिथे आखूड पोचतो तिथे आखूडच वापरा. गोल डोक्याचे टोक तिरक्या जागी फिरवायला सोयीचे असते, पण गंजलेला बोल्ट त्याने सोडवू नका. आणि हवेच्या किंवा बॅटरीच्या गनला साधी चकचकीत गोटी कधी लावू नका. तिला त्या कामासाठी बनवलेली काळी जाड गोटी लागते. साधी फुटली तर तुकडा डोळ्यात जातो.

आता वापर. उत्तम गोटीसुद्धा मातीने भरलेल्या घरात निम्मीच बसते. आधी खिळ्याने घर कोरून स्वच्छ करा. दांडा तळापर्यंत बसवा, वरून हातोडीचा हलका ठोका द्या. गंज असेल तर डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या. सकाळी बोल्टच्या डोक्यावर दोन-तीन ठोके देऊन मग फिरवा. झटका देऊ नका, एकसारखी ओढ द्या.

आवळताना तोल ठेवा. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे असतात. पहिला आकडा ताकदीचा: १२ म्हणजे एका चौरस मिलिमीटरला सुमारे १२० किलो ओढ सोसणारा. यंत्राच्या पुस्तकात आवळ दिली असेल तर तीच धरा. नसेल तर ८.८ च्या बोल्टसाठी अंदाज असा: एक फूट दांड्याच्या टोकाला ८ च्या बोल्टला सुमारे ८ किलोची ओढ, १० ला १६ किलोची, १२ ला २८ किलोची. तीन फुटांचा पाइप घातला की हातातली ओढ तिप्पट होते. मग आटे जातात नाहीतर बोल्ट तुटतो, आणि आपण कंपनीला शिव्या देतो. डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट महत्त्वाच्या जागी लावू नका. मऊ बोल्टपुढे चांगली गोटीही हरते.

आणि हात घालण्याआधी पट्टा उतरवा, ट्रॅक्टर बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. नुसते ‘चालू करू नको रे’ ओरडणे पुरत नाही.

शेवटी हिशेब. कोणी म्हणेल, भाव नाही, पैसा नाही, आणि हा महाग गोटी घ्या म्हणतो. माझे म्हणणे उलटे आहे. पैसा नाही म्हणूनच स्वस्त गोटी परवडत नाही. चाळीस नगांच्या डब्यातले तीस नग आपण आयुष्यात वापरत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला ३, ४, ५, ६, ८ आणि १० एवढे सहा नंबर आणि एक बरे रॅचेट बहुतेक वेळा पुरते. डबा सोडा, हे सहा नग निवडून घ्या, पक्के बिल घ्या. तेही एकट्याला जड जात असेल तर आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून घ्या, एकाच्या घरी ठेवा आणि कोणी नेले ते वहीत लिहा. बियाणे, खत, मजुरी यांचा उत्पादनखर्च आपण मांडतो, तसा अवजाराचाही मांडा. त्यात गोटीची किंमत लिहाल, तशी बंद पडलेल्या दोन दिवसांचीही लिहा. वापसा कोणासाठी थांबत नाही, पाऊसही थांबत नाही.

माझ्या हडंब्यावर आता पुन्हा ग्रब स्क्रू आहे, पुलीच्या आत गेलेला, डोके नसलेला. तो लांब बोल्ट मी फेकला नाही. घरात खुंटीला टांगून ठेवला आहे, वहिनीच्या फाटलेल्या पदराच्या तुकड्यासकट. बाजाराला निघताना तो दिसतो. तुमच्या घरी असा बोल्ट टांगायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी तुमचा वेळ घेतला. आज घरी गेल्यावर आपापल्या यंत्राच्या पुल्या एकदा बघा. कुठे डोके बाहेर आलेले दिसले तर मळणीच्या आधी ते काढा.