नूरी नव्हे, मिलोनी



सिनेमा संपून दिवे लागले, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे पुढे लग्न होतं की नाही?’ रितेश बत्रांचा ‘फोटोग्राफ’ २०१९ साली आला. त्यात याचं उत्तर नाही. मला वाटतं, ते आपणच द्यायचं आहे.

रफी गेटवे ऑफ इंडियावर पर्यटकांचे फोटो काढतो. वडिलांचं कर्ज फेडायचं, गावचं घर सोडवायचं, या नादात लग्न राहून गेलंय. दादी हट्टाला पेटली आहे : लग्न कर, नाहीतर मी औषध घेणार नाही. मग तो एका अनोळखी मुलीचा फोटो तिला पाठवतो आणि कळवतो, ही माझी पसंती. नाव सुचतं ते कानावर पडलेल्या जुन्या गाण्यावरून, नूरी.

ती असते मिलोनी. गुजराती घरातली, सी.ए.चा अभ्यास करणारी, हुशार. तिच्या आयुष्यातलं सगळं घरचेच ठरवतात. रफीने काढलेल्या फोटोत तिला आपल्यापेक्षा आनंदी अशी एक मुलगी दिसते. लहानपणी तिला कॅम्पा कोला आवडायचा, हे कळल्यावर रफी त्या बाटलीच्या शोधात फिरतो. ना गाणी, ना शपथा. या सिनेमातलं प्रेम म्हणजे समोरच्याचं नीट ऐकून घेणं.

धर्म, पैसा, वय, रंग, सगळंच दोघांच्या मध्ये आहे. पण मी अडकलो ते नावापाशी. दादीला पसंत पडावी म्हणून मिलोनीची नूरी झाली. आपण हसलो. आपल्या घरांत मात्र हे हसण्यावारी जात नाही. मुलगी आपल्याकडे येणार असेल, तर निकाहाआधी तिचा धर्म आणि नाव बदलायची घाई होते. आपली मुलगी तिकडे गेली, तर तिथेही बऱ्याचदा नवं नाव तयार असतं. दोन्हीकडची अट एकच : ये, पण नाव दाराबाहेर ठेवून ये.

कायदा ही अट घालत नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली धर्म बदलावा लागत नाही, नावही नाही. मुलगी १८ वर्षांची, मुलगा २१चा, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. अडचण त्या नोटिशीची आहे. ती कार्यालयात लावली जाते, बातमी घरी पोचते आणि त्या महिन्यात फोन काढून घेतला जातो, दाराला कडी लागते. म्हणून कित्येक जोडपी झटपट होणारा धर्मांतराचा रस्ता धरतात. मनापासून नव्हे, भीतीने.

ज्याला खरंच धर्म बदलायचा आहे, त्याने जरूर बदलावा. ते त्याचं स्वातंत्र्य आहे. पण लग्नाची फी म्हणून कुणाकडून ईमान वसूल करू नये. असल्या ईमानाला अर्थ तरी काय?

तुमच्यापैकी कुणी उद्या प्रेमात पडेल, कुणी नाही. पण भाऊ, बहीण, मित्र तर तुम्ही आजच आहात. कुणी आपल्या माणसाबद्दल सांगायला आलं, तर लगेच ‘नाव काय?’ असं विचारू नका. ‘तुझं ऐकून घेतो का? तू त्याच्याबरोबर खूश असतेस का?’ हे आधी विचारा.

आणि लक्षात ठेवा, साक्षीदार तीन लागतात. त्यातले एक तुम्ही व्हाल का?