लिथियमचा सट्टा आणि मालकीचा प्रश्न



ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या फिनिस येथे 'कोअर लिथियम' या छोट्या कंपनीने २०२३ साली उत्पादन सुरू केले. विजेच्या मोटारींच्या भवितव्यावर भरवसा ठेवून सामान्य भागधारकांनी तिच्यात बचत गुंतविली. २०२२ च्या अखेरीस चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सुमारे ६ लाख युआन होता. २०२३ संपता संपता तो १ लाखाच्या आसपास आला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने खाणकाम थांबविले.

मागणी वाढेल, भाव चढेल, असा धीर भागधारक एकमेकांना देतात. मागणी तर वाढतच होती! परंतु चढ्या भावाच्या मोहाने जो तो नवी खाण उघडतो, पुरवठा मागणीच्या पुढे धावतो आणि भाव कोसळतो. नियोजनशून्य भांडवलशाहीचा हा जुनाच रोग आहे. त्यात कामगाराची रोजी आणि छोट्या माणसाची बचत एकदमच धोक्यात येते.

बाजाराचा जयघोष करणाऱ्या पिनोशेच्या राजवटीनेही १९७९ साली चिलीतील लिथियम राज्यासाठी राखून ठेवले. जम्मूतील रियासी येथे ५९ लाख टन लिथियम-खनिजाचा अनुमानित साठा २०२३ साली जाहीर झाला आहे. तो सट्ट्याच्या हवाली करावयाचा की समाजाच्या मालकीचा ठेवावयाचा, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आजच लोकांपुढे मांडला पाहिजे.